घरकुल मंजूर झाले, पण भाडे कोण देणार?

दसरा-दिवाळी आली की वडवणी तालुक्यातल्या वस्त्या रिकाम्या होऊ लागतात. ट्रक, ट्रॅक्टर भरतात, दाराला कुलूप लागते आणि कोयता पश्चिम महाराष्ट्राच्या, कर्नाटकाच्या वाटेला लागतो. नेमक्या याच दिवसांत घरकुलाच्या फायली फिरत असतात. मंजुरीचे पत्र येते तेव्हा लाभार्थी फडावर असतो. जोत्याचा फोटो काढायला अभियंता येतो तेव्हाही तो फडावरच असतो. जोत्याचा फोटो नाही म्हणून पुढचा हप्ता नाही, आणि काम रखडल्याचा ठपका मात्र त्याच्याच माथी!

अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी रमाई आवास योजना २००८ साली आली. आपल्या माऊलीचे नाव असलेली ही योजना वाईट आहे असे कोणी म्हणणार नाही. ग्रामीण भागासाठी २०१६ साली १ लाख २० हजार रुपये ठरले, घर किमान २६९ चौरस फुटांचे. शहरी भागात अडीच लाख. पण या योजनेच्या हिशेबात एक रकाना कधीच नव्हता. जुने कुडाचे, पत्र्याचे घर पाडल्यापासून नव्या घरावर स्लॅब पडेपर्यंत त्या कुटुंबाने राहायचे कुठे? म्हातारी आई, तान्हे लेकरू, शाळेची पोर कुठे झोपणार? उत्तर सगळ्यांना ठाऊक आहे. ताडपत्रीखाली, नाहीतर भावकीच्या ओसरीवर. ओसरीही नसेल तर मग सावकार आहेच.

मुंबईत हा रकाना आहे. वरळीच्या बीडीडी चाळींच्या पुनर्विकासात रहिवाशांना घर रिकामे केल्यावर महिन्याला २५ हजार रुपये भाडे ठरले, आणि १४ ऑगस्ट २०२५ रोजी पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. त्या चाळींत आपलेच बांधव पिढ्यान्‌पिढ्या राहिले. त्यांना मिळाले याचा आनंदच आहे. प्रश्न एवढाच की, घर पाडल्यावर माणूस उघडा पडतो हे सरकारला वरळीत कळते, ते वडवणीत का कळत नाही? वरळीची जमीन सोन्याची आहे म्हणून? वडवणीत महिन्याला दोन-तीन हजार रुपये सहा महिने दिले तरी एका कुटुंबाची सोय होते.

भाड्याचा प्रश्न आपल्यासाठी नुसता पैशाचा कधीच नव्हता. १९१७ साली बाबासाहेब परदेशातली विद्या घेऊन बडोद्याला नोकरीवर गेले तेव्हा त्या शहरात त्यांना भाड्याने खोली मिळाली नाही. पारशी विश्रामगृहातून लाठ्या घेतलेल्या जमावाने बाहेर काढले, मित्रांनी कारणे सांगितली, आणि ते मुंबईला परत आले. मुंबईत मात्र परळला त्यांच्या कुटुंबाला दोन खोल्या होत्या, ५० आणि ५१ क्रमांकाच्या. कोणा घरमालकाच्या उपकाराने नव्हेत! प्लेगनंतर १८९८ साली स्थापन झालेल्या मुंबई सुधार ट्रस्टने बांधलेल्या बीआयटी चाळीत. शहराच्या सार्वजनिक संस्थेने बांधलेले, भाड्याने दिलेले घर. बाबासाहेबांच्या उमेदीची वर्षे तिथे गेली. खाजगी मालक जात विचारतो, त्या जागी सार्वजनिक मालक उभा केला की काय होते, याचा दाखला आपल्याच इतिहासात आहे.

आजही वडवणीहून पोरगा शिकायला बीडला, संभाजीनगरला, पुण्याला जातो तेव्हा खोली दाखवणारा आधी आडनाव विचारतो. वसतिगृहात नंबर न लागलेल्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना २०१६-१७ पासून आहे. सुरू झाली तेव्हा तिच्यात निवासासाठी पुण्या-मुंबईत वर्षाला २० हजार, इतर महापालिकांच्या शहरांत १५ हजार, जिल्ह्याच्या ठिकाणी १२ हजार धरले होते. म्हणजे पुण्यात महिन्याला सोळाशे-सतराशे रुपये. त्यात कॉटसुद्धा मिळत नाही! शिवाय रक्कम खात्यात पडते ती वर्ष सरत आल्यावर, ही विद्यार्थ्यांची जुनीच तक्रार. घरमालक काही परीक्षेपर्यंत थांबत नाही.

मग करायचे काय? नवी योजना मागू नका. योजनांची नावे बदलण्याचा खेळ आपण पुष्कळ पाहिला. मागायची ती जबाबदारी, आणि ती आपल्या दाराजवळच्या संस्थेवर. ग्रामपंचायतीने उत्पन्नाच्या १५ टक्के आणि जिल्हा परिषदेने २० टक्के रक्कम मागासवर्गीयांसाठी खर्च करायची असते. या पैशाचे काय होते? पेव्हर ब्लॉक, सभामंडप, कमान. वस्तीला कमान नको असे नाही, पण कमानीखाली कोणी झोपत नाही. याच पैशातून बांधकामाच्या सहा महिन्यांचे भाडे आणि विद्यार्थ्यांचे खोलीभाडे उसनवार द्यावे. स्वाधारचे पैसे आले की विद्यार्थ्याने ते परत भरावे. उसतोड कुटुंबाचे घर पाडण्याची वेळ गावी परतल्यावरची ठरवावी. मे महिन्यात जोते घालायला कोणत्या कायद्याची आडकाठी आहे?

वडवणीचे तर आणखी वेगळे आहे. १९९९ साली तालुका झाला, नंतर गावची नगरपंचायत झाली. नगरपंचायत आली म्हणजे घरकुलाची वाट शहरी झाली. तिथे मालकीचा उतारा लागतो, बांधकाम परवाना लागतो. ज्याची वस्तीच गायरानात, त्याने उतारा आणायचा कुठून? दादासाहेब गायकवाडांच्या १९५९ आणि १९६४ च्या भूमिसत्याग्रहांपासून आणि याच जिल्ह्यातल्या एकनाथ आवाडांच्या मानवी हक्क अभियानापासून हा जमिनीचा लढा चालू आहे. गायरानातली अतिक्रमणे हटवायला सांगणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ च्या जगपाल सिंग निकालातही भूमिहीन मजूर आणि अनुसूचित जाती-जमातींना शासनाने दिलेल्या पट्ट्यांचा अपवाद आहे. अधिकारी निकाल दाखवतात, अपवाद दाखवत नाहीत.

शहरी होण्याचा एक फायदाही आहे. शहरी पंतप्रधान आवास योजनेच्या २०२४ च्या दुसऱ्या टप्प्यात परवडणारी भाड्याची घरे हा स्वतंत्र घटक आहे. नगरपंचायतीने सरकारी जागेवर वीस-पंचवीस खोल्या बांधाव्यात, त्या आपल्याच मालकीच्या ठेवाव्यात आणि घर बांधणाऱ्या कुटुंबांना, तालुक्याला शिकायला आलेल्या मुलींना, एकट्या बायांना माफक भाड्याने द्याव्यात. खोली वाटताना जात विचारली जाणार नाही, पण आरक्षण पाळले जाईल. हा ठराव नगरसेवकाने मांडायचा आहे. आपल्या प्रभागातून निवडून आलेल्याला तो लेखी मागा, पोच घ्या, आणि कोयता निघायच्या आत मागा. नंतर वस्तीत सही करायला माणूस राहत नाही.