जुन्या सायकलीचे ब्रेक : गैरसमज आणि वस्तुस्थिती

गोदावरी-कादवेच्या सपाट खोऱ्यातील निफाड तालुक्यात जुन्या सायकलीचे ढिले ब्रेक फारसे जाणवत नाहीत. पायडल मारणे थांबवले की सायकल आपोआप मंदावते. शेजारच्या चांदवड तालुक्यातील राहूड घाटात मात्र त्याच ब्रेकची परीक्षा होते. वेग दुप्पट झाला की थांबायला चौपट अंतर लागते.

गैरसमज : पुढचा ब्रेक दाबला की माणूस पालथा पडतो, मागचाच वापरावा.
वस्तुस्थिती : ब्रेक लागताच भार पुढच्या चाकावर येतो आणि हलके झालेले मागचे चाक लवकर घसरते. कोरड्या डांबरी रस्त्यावर नुसत्या मागच्या ब्रेकने थांबायला सुमारे दुप्पट अंतर जाते. दोन्ही ब्रेक वापरावेत. पुढचा बेताबेताने दाबत न्यावा आणि अंग थोडे मागे घ्यावे. खडी किंवा काळ्या मातीचा चिखल असेल तर पुढचा जपून वापरावा.

गैरसमज : पावसात ब्रेक लागत नाही तो रबर झिजल्यामुळे.
वस्तुस्थिती : दोष बहुधा रिमचा असतो. क्रोमचा मुलामा दिलेली पोलादी रिम ओली झाली की रबराची पकड कोरड्याच्या दहाव्या हिश्श्यापर्यंत घसरू शकते. ॲल्युमिनियमची रिम पावसातही बरीच चांगली धरते. पोलादी रिम ठेवायचीच असेल, तर थांबण्याच्या बऱ्याच आधी ब्रेक हलका टेकवून पाणी पुसून घ्यावे.

गैरसमज : ॲल्युमिनियमची कोणतीही रिम चालते.
वस्तुस्थिती : दांड्यांच्या ब्रेकमध्ये रबर रिमच्या आतल्या, आऱ्यांकडच्या अंगावर दाबले जाते, तिथे बाजूने धरण्याच्या रिमा उपयोगी नाहीत. वायर-ब्रेकच्या जुन्या रेसिंग सायकलींत बहुधा २७ इंची रिम असते. टायर बसतो तिथे तिचा व्यास ६३० मिमी, तर आजच्या ७००सी रिमचा ६२२ मिमी. म्हणजे रबर ४ मिमी खाली घ्यावे लागते. ब्रेकच्या खाचेत तेवढी जागा आहे का, हे रिम घेण्याआधीच मोजावे.

गैरसमज : रबर जाड आहे, म्हणजे चांगले आहे.
वस्तुस्थिती : वर्षानुवर्षांच्या उन्हाने रबर कडक होते आणि नुसते घसरते. नखाने दाबूनही खूण उमटत नसेल तर ते बदलावे. रबर ज्यात बसते त्या पत्र्याच्या खोबणीचे बंद टोक पुढे ठेवावे. उलटे बसवल्यास फिरती रिम रबर बाहेर ओढते. रबर टायरला घासता कामा नये, नाहीतर टायर कापला जातो.

गैरसमज : वायर ताणली की ब्रेक सुधारतो.
वस्तुस्थिती : ताणल्याने रबर आणि रिममधले अंतर तेवढे कमी होते. वायर गंजलेली किंवा तिचे वेष्टन चेपलेले असेल, तर हाताचा जोर वाटेतच खर्च होतो. दोन्ही नवी घालावीत. रिम आऊट (वाकडी) असेल तर आधी आऊट काढून मगच अंतर लावावे.

गैरसमज : ब्रेक कुरकुरला की रिमला तेल लावावे.
वस्तुस्थिती : तेलाने पकडच जाते. तेल ब्रेकच्या बोल्टला द्यावे. रिम साबणाच्या पाण्याने धुऊन कोरडी करावी. रबराचे पुढचे टोक रिमला किंचित आधी टेकेल असे बसवले, की कुरकूर बहुधा थांबते.