आरसा नसलेलं घर

तमिळनाडूतल्या कोल्ली डोंगरावर एका इंग्रज आजीचं घर होतं. घरात औषधं होती, बायबल होतं, चित्रं काढायला रंग होते. आरसा मात्र नव्हता. आयुष्याची शेवटची वीस वर्षं त्यांनी घरात आरसा ठेवलाच नाही. कुष्ठरुग्णांच्या आखडलेल्या हातांवर शस्त्रक्रिया करून जगभर नाव मिळवलेले सर्जन डॉ. पॉल ब्रँड हे त्यांचे चिरंजीव. आईची ही आठवण त्यांनीच लिहून ठेवली आहे.

या आजी म्हणजे इव्हलिन ब्रँड. डोंगरावर आणि मिशनच्या वर्तुळात त्यांना सगळे ‘ग्रॅनी ब्रँड’ म्हणत. जन्म 1879 चा, लंडनच्या खात्यापित्या व्यापारी घरातला. चित्रकला शिकलेली ही मुलगी मिशनरी म्हणून मद्रासला आली आणि 1913 मध्ये जेसी ब्रँड यांच्याशी लग्न करून कोल्ली डोंगर चढली. वर ना रस्ता होता, ना दवाखाना. मलेरिया मात्र घरोघर होता. कोल्लीसकट आसपासच्या पाच डोंगररांगांमधल्या लोकांपर्यंत औषध आणि ख्रिस्ताची वार्ता पोचवायची, असं नवराबायकोने ठरवलं होतं. 1929 मध्ये मलेरियातूनच उद्भवणाऱ्या ब्लॅकवॉटर फीव्हरने जेसी गेले. पाचांपैकी चार रांगा तशाच राहिल्या.

त्यानंतर मिशनने इव्हलिनबाईंना सपाटीवरच्या कामावर ठेवलं. सत्तरी जवळ आली तसा निवृत्तीचा विषय निघाला. नवी मुदत द्यायला मिशन तयार नव्हतं. बाईंनी विनवून एक वर्ष मागून घेतलं. ते वर्ष सरलं, सहकारी निरोपाच्या तयारीला लागले, तेव्हा त्यांनी आपला बेत सांगितला. मिशनमधून त्या निवृत्त होणार होत्या, पण इंग्लंडला जाणार नव्हत्या. त्या डोंगरावर राहायला निघाल्या होत्या.

पुढची पंचवीसहून अधिक वर्षं त्या तट्टावर बसून वाड्यावस्त्या फिरल्या. तट्टावरून कितीदा तरी पडल्या. एकदा पडून खुब्याचं हाड मोडलं. पायांतली शक्ती कमी झाली, तेव्हा दोन हातांत दोन बांबूच्या काठ्या आल्या. आता तरी खाली या, असं पॉल सांगत. हे शरीर जपून ठेवायचं तरी कशासाठी, देवाला त्याचा उपयोग आहे तिथेच ते झिजू दे, असा आईच्या उत्तराचा मथितार्थ असे.

या फिरण्यात त्यांनी नारूचा पिच्छा पुरवला. महाराष्ट्रातल्या जुन्या पिढीला नारू ठाऊक आहे. पाण्यातल्या सूक्ष्म पिसवांबरोबर त्याची अळी पोटात जाते, वर्षभराने हातभर लांबीचा किडा पायाच्या कातडीतून बाहेर येतो, आणि तो पाय पुन्हा विहिरीच्या पाण्यात बुडाला की नव्या अळ्या पाण्यात सुटतात. पाय पाण्यात बुडू दिला नाही की ही साखळी तुटते. उतरून पाणी भरायच्या जागांना दगडी बांध घालायचा, पाणी गाळून प्यायचं, एवढंच करायचं असतं. पण हे वस्तीवस्तीला जाऊन, न कंटाळता कुणीतरी सांगावं लागतं. कोल्ली डोंगरावरून नारू हटवण्याच्या श्रेयात या आजींचा मोठा वाटा मानला जातो. 2000 मध्ये भारत नारूमुक्त जाहीर झाला.

एवढं बळ कुठून आलं, याचं उत्तर त्यांच्या श्रद्धेत आहे. मराठी ख्रिस्ती माणसाच्या बोलण्यात एक शब्द वारंवार येतो: पाचारण. देव माणसाला नाव घेऊन हाक मारतो, काम सोपवतो. नेमणूक करणारी संस्था निवृत्त करू शकते. हाक मारणाऱ्याने मात्र वयाची अट घातलेली नाही. बायबलमधला अब्राहाम घर सोडतो तेव्हा 75 वर्षांचा आहे, आणि मोशे फारोपुढे उभा राहतो तेव्हा 80 चा. बाळ येशूला मंदिरात आणलं जातं तेव्हा त्याला ओळखणाऱ्यांत हन्ना ही वृद्ध विधवा आहे. लूकच्या शुभवर्तमानात तिच्या संदर्भात 84 वर्षांचा उल्लेख येतो, आणि त्या बाळाची वार्ता लोकांना सांगायचं काम तिच्याकडे येतं.

महाराष्ट्राला याचं घरचं उदाहरण आहे. कवी रेव्हरंड टिळक 1919 मध्ये गेले, तेव्हा ख्रिस्ताच्या जीवनावरचं त्यांचं ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अपुरं होतं. कधी शाळेची पायरी न चढलेल्या त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुढचे साठाहून अधिक अध्याय रचले. ‘स्मृतिचित्रे’ या त्यांच्या आत्मचरित्राचा पहिला भाग पुस्तकरूपाने आला तो 1934 मध्ये, त्यांच्या वयाच्या सहासष्टाव्या वर्षी.

पण ज्यांच्या हातून काम होत नाही, त्यांचं काय? बहुतेक म्हाताऱ्या माणसांचा हाच खरा सल असतो. तट्टू हाकणं दूर, कूस बदलायलाही दुसऱ्याचा हात लागतो, आणि आपण ओझं झालो हा विचार रात्री झोपू देत नाही.

फ्रान्सच्या जान जुगान यांचं आयुष्य इथे आठवावं. 1839 च्या हिवाळ्यात त्यांनी एका अंध, लुळ्या म्हातारीला उचलून आपल्या घरी आणलं आणि स्वतःचा बिछाना तिला दिला. त्यातून निराधार वृद्धांची सेवा करणारा ‘लिटल सिस्टर्स ऑफ द पुअर’ हा संघ उभा राहिला. 1882 मध्ये तो कोलकात्यात आला. मुंबईतही त्यांचा वृद्धाश्रम आहे. मात्र खुद्द जान यांना एका धर्मगुरूने प्रमुखपदावरून दूर केलं. शेवटची 27 वर्षं त्यांनी नवशिक्या भगिनींमध्ये, कुठलाही अधिकार नसताना काढली. समोरची म्हातारी म्हणजेच संघाची संस्थापिका, हे त्या मुलींपैकी अनेकींना माहीतही नव्हतं. जान यांनी तक्रार केली नाही. त्या मुलींना धीर देत राहिल्या, प्रार्थना करत राहिल्या. 1879 मध्ये, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी त्या गेल्या. 2009 मध्ये चर्चने त्यांना संतपद दिलं.

माणसाची किंमत त्याच्या कामावरून ठरत नाही, ती देवाने आधीच ठरवलेली आहे, ही शिकवण जान अक्षरशः जगल्या. याच शिकवणीतून कॅथलिक वस्त्यांत महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी धर्मगुरू अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी कम्युनियनचा प्रसाद घेऊन जातात. ज्याला देवळात येता येत नाही, त्याच्या उशाशी देऊळ येतं. त्याला कामही मिळतं: परीक्षेला बसलेल्या नातवासाठी, शेजारच्या आजाऱ्यासाठी, नावं घेऊन प्रार्थना करण्याचं. हे काम पडल्यापडल्या होतं, आणि त्याची वाट पाहणारी माणसं असतात.

कोल्लीच्या आजींनाही अखेर तट्टू सोडावं लागलं. मग लोक त्यांना झोळीत बसवून एका वस्तीहून दुसऱ्या वस्तीला नेऊ लागले. ज्यांच्या दारी त्या वर्षानुवर्षं गेल्या होत्या, तेच आता त्यांना खांद्यावर वाहत होते. डिसेंबर 1974 मध्ये, वयाच्या पंचाण्णवाव्या वर्षी त्यांनी डोळे मिटले. पंचेचाळीस वर्षांपूर्वी जेसींना जिथे पुरलं होतं, त्याच डोंगरावर, त्यांच्या शेजारी आजींना मूठमाती देण्यात आली.