थांबणे हाही एक उपचार

'कॅन्सर' हा शब्द घरात शिरला की सगळ्यांच्या तोंडी पहिला प्रश्न येतो, 'ऑपरेशन कधी?' बहुतेक कॅन्सरांत ही घाई रास्तच असते. थायरॉइडच्या, म्हणजे गळ्यातील अवटू ग्रंथीच्या, पॅपिलरी जातीच्या लहान गाठीबाबत मात्र आपण आधी विचारले पाहिजे, 'ऑपरेशन आत्ताच हवे का?'

हाताला कधी न लागणाऱ्या गाठी आता सोनोग्राफीत दिसतात. दक्षिण कोरियात सरसकट तपासण्या वाढल्या आणि २०११ साली थायरॉइड कॅन्सरचे निदान १९९३ च्या पंधरापट झाले. मृत्यूंचे प्रमाण मात्र जवळपास तेवढेच राहिले.

जपानमधील कोबे शहराच्या कुमा हॉस्पिटलात डॉ. अकिरा मियाउची यांच्या सूचनेवरून १९९३ पासून एक सेंटिमीटरपर्यंतच्या अशा गाठी न काढता देखरेखीखाली ठेवू लागले. १,२३५ रुग्णांचा अहवाल २०१४ साली प्रसिद्ध झाला. दहा वर्षांत सुमारे ८ टक्के रुग्णांची गाठ तीन मिलिमीटर किंवा अधिक वाढली. सुमारे ४ टक्के रुग्णांत रोग मानेतील लसिका ग्रंथींत उतरला. या रोगाने एकही रुग्ण दगावला नाही. वाढ तरुणांत अधिक, साठीपुढे सर्वांत कमी दिसली.

म्हणजे वाटा तीन. पहिली, ठरावीक मुदतीने सोनोग्राफी करीत थांबणे. गाठ वाढली तर तेव्हा ऑपरेशन करता येते. दुसरी, ग्रंथीचा अर्धा भाग काढणे. पुष्कळांना नंतर गोळी लागत नाही. तिसरी, पूर्ण ग्रंथी काढणे. मग गोळी जन्मभर. शिवाय आवाजाच्या नसेला इजा होण्याचा आणि कॅल्शियम कमी पडण्याचा धोका इथे अधिक.

थांबणे सर्वांसाठी नाही. गाठ श्वासनलिकेला किंवा आवाजाच्या नसेला लागून असेल, लसिका ग्रंथींत रोग असेल, किंवा पेशी आक्रमक दिसत असतील, तर ऑपरेशनच योग्य. मेड्युलरी आणि अ‍ॅनाप्लास्टिक या जातींना तर हा हिशेब लागूच नाही. तपासणीची तारीख चुकवणाऱ्यानेही या वाटेला जाऊ नये. कारण तारखा पाळून पाहत राहणे हाच इथला उपचार आहे.

म्हणून रिपोर्ट हाती येताच डॉक्टरांना चार गोष्टी विचारा: जात कोणती, आकार किती, गाठ नेमकी कुठे, लसिका ग्रंथी स्वच्छ आहेत का? उत्तरे अनुकूल असतील, तर विचार करायला वेळ आहे. तो घ्या. घरातील वडीलधारे काळजीपोटी घाई करतील. पण गळा रुग्णाचा आहे, म्हणून शेवटचा शब्दही त्याचाच असावा.