रक्त पातळ करणारी गोळी आणि तिचं घड्याळ

आजचा विषय आहे रक्त गोठण्यावर परिणाम करणारी औषधं. ऐकायला पुस्तकी वाटतो, पण मालवण, देवगड, वेंगुर्ल्याच्या कितीतरी घरांत गोळ्यांच्या डब्यात हा विषय रोज उघडला जातो.

आमच्याकडे येणारी माणसं एक वाक्य फार सहज बोलून जातात : "डॉक्टरानू, दात काढूचो आसा म्हणान रगत पातळ करूची गोळी बंद केलंय." कोणी दोन दिवस बंद करतो, कोणी आठ. कोणाला शेजाऱ्याने सांगितलेलं असतं. आपल्याकडे अडचण अशी की स्टेंट बसतो बांबोळीला किंवा कोल्हापूरला, आणि दात काढायचा असतो मालवणात. फाईल इंग्रजीत, ती घरी कपाटात. दोन डॉक्टरांची गाठ कधी पडतच नाही. मधला निर्णय रुग्ण एकटा घेतो, अंदाजाने. आजचं सगळं बोलणं या अंदाजाविषयी आहे.

आधी ‘पातळ’ हा शब्द बाजूला ठेवूया. कुळथाच्या पिठीत पाणी ओतलं की ती पातळ होते, तसं या गोळ्यांनी रक्त पातळ होत नाही. रक्ताचा दाटपणा जवळपास तेवढाच राहतो. बदलते ती गुठळी तयार होण्याची क्रिया. त्या क्रियेची एखादी पायरी औषध अडवून ठेवतं. कोणतं औषध कोणती पायरी अडवतं आणि ती पायरी पुन्हा सुरू व्हायला किती वेळ लागतो, एवढं कळलं की बाकीचं बरंचसं आपोआप कळतं.

शेताचा बांध फुटला तर आपण काय करतो? आधी हाताला येईल ते, पेंढा, माती, भोकात कोंबतो. पाणी तात्पुरतं थांबतं. मग सावकाश दगड रचून बांध पक्का करतो. रक्तवाहिनीला इजा झाली की शरीर हेच करतं. पहिला पेंढा म्हणजे प्लेटलेट, म्हणजे बिंबाणू. रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये, म्हणजे टाचणीच्या टोकाएवढ्या थेंबात, ते साधारण दीड ते साडेचार लाख असतात. ते जखमेला चिकटतात, मग एकमेकांना चिकटतात. दगडकाम म्हणजे फायब्रिन नावाच्या प्रथिनाच्या तंतूंचं जाळं. रक्तात विरघळलेलं फायब्रिनोजेन असतं. थ्रॉम्बिन नावाचा घटक त्याचे तंतू बनवतो. थ्रॉम्बिन तयार होण्यासाठी यकृतात बनणारे अनेक घटक एकामागून एक जागे व्हावे लागतात.

म्हणजे औषधांचेही मोठे गट दोनच. एक पेंढ्याला अडवणारा, दुसरा दगडकामाला.

पहिल्या गटात अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल. हृदयाच्या धमनीत वेगाने वाहणाऱ्या रक्तात गुठळीची सुरुवात मुख्यतः बिंबाणू करतात, म्हणून हार्ट अ‍ॅटॅकनंतर किंवा स्टेंटनंतर ही औषधं दिली जातात. अ‍ॅस्पिरिन बिंबाणूतलं एक विकर कायमचं निकामी करतं. बिंबाणूला केंद्रक नसतं, त्यामुळे त्याला ते विकर नव्याने बनवता येत नाही. तो मरेपर्यंत तसाच राहतो, आणि त्याचं आयुष्य सात ते दहा दिवसांचं. म्हणून आज घेतलेल्या एका छोट्या गोळीचा परिणाम पुसायला आठवडाभर लागतो. क्लोपिडोग्रेल दुसऱ्या ठिकाणी घाव घालतं, पण तोही कायमचा, म्हणून त्याचं घड्याळही जवळपास तेच.

आता सांगा, दात काढायच्या आदल्या दोन दिवशी अ‍ॅस्पिरिन बंद करून काय साधलं? रक्तस्राव फारसा कमी होत नाही. उलट, स्टेंट नवा असेल आणि माणसाने दोन्ही गोळ्या बंद केल्या, तर स्टेंटमध्येच गुठळी बसून मोठा हार्ट अ‍ॅटॅक येऊ शकतो. दाताच्या खड्ड्यातून रक्त आलं तर कापसाचा बोळा घट्ट दाबून ते बहुतेक वेळा थांबतं. बंद झालेल्या स्टेंटला बोळा लावता येत नाही.

दुसऱ्या गटात सगळ्यात जुनं आणि आपल्याकडे अजूनही फार वापरलं जाणारं औषध म्हणजे वॉरफेरिन, आणि त्याचंच भावंड अ‍ॅसेनोकुमॅरॉल. याची गोष्ट गुरांच्या गोठ्यात सुरू होते. 1920 च्या दशकात उत्तर अमेरिकेत बुरशी लागलेलं गोड क्लोव्हर गवत खाऊन गुरं रक्तस्रावाने मरायला लागली. विस्कॉन्सिन विद्यापीठात कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेने त्या गवतातलं द्रव्य शोधून काढलं. त्यावरून पुढे वॉरफेरिन तयार झालं. 1948 मध्ये ते बाजारात आलं ते उंदीर मारायचं औषध म्हणून, आणि 1954 पासून माणसांसाठी वापरलं जाऊ लागलं.

यकृताला गोठण्याचे चार घटक, दुसरा, सातवा, नववा आणि दहावा, पूर्ण करायला के जीवनसत्त्व लागतं. वॉरफेरिन त्या जीवनसत्त्वाचा पुनर्वापर अडवतं. पण रक्तात आधीच असलेले घटक संपायला वेळ लागतो. सातवा काही तासांत ओसरतो, दुसऱ्याला दिवस लागतात. म्हणून गोळी सुरू केल्यावर पूर्ण परिणाम यायला पाच-सहा दिवस, आणि बंद केल्यावर उतरायलाही साधारण तेवढेच. आज डोस बदलला आणि उद्या रक्त तपासलं, तर खरं उत्तर मिळत नाही.

ही तपासणी म्हणजे आयएनआर. औषध न घेणाऱ्याचा आयएनआर साधारण 1 असतो. बहुतेक रुग्णांत तो 2 ते 3 मध्ये ठेवतात, हृदयाच्या डाव्या कप्प्यांमधली धातूची झडप असेल तर बहुधा थोडा वर. खाली गेला तर गुठळीची भीती, फार वर गेला तर रक्तस्रावाची.

इथे आपलं जेवण मध्ये येतं. हिरव्या पालेभाज्यांत के जीवनसत्त्व भरपूर असतं. पहिला पाऊस पडला की टाकळा, अळू, शेवग्याचा पाला घरात यायला लागतो. मग श्रावण लागतो, मासे बंद होतात, ताटात भाज्या वाढतात. गोळी तीच, पण आयएनआर खाली येऊ शकतो. नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा मासळी सुरू झाली की तो वर सरकू शकतो. याचा अर्थ पालेभाजी सोडा असा मुळीच नाही. प्रमाण वर्षभर साधारण सारखं ठेवा. ते जमत नसेल तर श्रावणात एक जादा तपासणी करून घ्या. आमचा हा सल्ला सगळ्यात स्वस्त आहे आणि सगळ्यात कमी पाळला जातो.

याच घराण्यातलं एक औषध आपल्या माडांवर असतं. नारळ पोखरणाऱ्या उंदरांसाठी ब्रोमाडायोलोनच्या वड्या ठेवतात. ते वॉरफेरिनसारखंच काम करतं, पण शरीरात कितीतरी आठवडे टिकतं. लहान मुलाने वडी खाल्ली तर पहिल्या दिवशी ते खेळत असतं आणि आपण निर्धास्त होतो. रक्तस्राव दोन-तीन दिवसांनी सुरू होतो. वाट पाहू नका, मुलाला आणि वडीच्या पाकिटाला घेऊन लगेच दवाखाना गाठा. पाकीट यासाठी की उंदरांची इतर विषं वेगळी असतात, आणि काही फार लवकर मारतात.

नवी औषधं, डॅबिगॅट्रान, रिव्हारॉक्साबॅन, अ‍ॅपिक्साबॅन, थेट एकाच घटकावर बसतात. मूत्रपिंड चांगली असतील तर त्यांचं घड्याळ एक-दोन दिवसांचं. नेहमी आयएनआर करावा लागत नाही ही सोय. पण दोन डोस चुकले की संरक्षणही गेलं, हा तोटा. रिव्हारॉक्साबॅनची 15 किंवा 20 मिलिग्रॅमची गोळी जेवणासोबतच घ्यायची. धातूची झडप असलेल्यांना ही औषधं चालत नाहीत. संधिवाताच्या तापाने झडप अरुंद झालेल्यांनाही जुनी वॉरफेरिनच अधिक उपयोगी ठरते, हे 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासातून पुढे आलं. म्हणून ‘शेजाऱ्याला नवी गोळी दिली, मला जुनी का’ या प्रश्नाला उत्तर असतं. ते डॉक्टरांना विचारा.

आता सड्यावर जाऊया. कातळावर, दगडाखाली सापडणारं फुरसं आपल्या सगळ्यांना माहीत आहे. लांबीला जेमतेम दीड-दोन फूट, पण खवले घासून करकर आवाज करतं. त्याच्या विषातला एक घटक प्रोथ्रॉम्बिनला सरळ जागं करतो. म्हणजे विष रक्त गोठवायलाच लावतं! मग माणसाला रक्तस्राव का होतो? कारण अंगभर बारीक बारीक गोठणं सुरू होतं आणि त्यात सगळं फायब्रिनोजेन खर्ची पडतं. दगड संपले, बांध कशाने बांधणार? हिरड्यांतून, लघवीतून रक्त येतं.

यासाठी दवाखान्यात साधी चाचणी करतात. स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत दोन मिलिलिटर रक्त घ्यायचं, 20 मिनिटं हलवायचं नाही, मग तिरपं करायचं. रक्त पाण्यासारखं वाहिलं तर विष भिनलेलं आहे. नळी काचेचीच हवी, प्लास्टिकची चालत नाही, आणि साबणाने धुतलेलीही नको. उपाय एकच, सर्पविषावरची लस. आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालते. पण लस विषाला निकामी करते, फायब्रिनोजेन बनवत नाही. ते यकृत बनवतं, आणि त्याला साधारण सहा तास लागतात. म्हणून लस दिल्यावर सहा तासांनी पुन्हा चाचणी करतात. ‘एवढी लस दिली तरी रक्त गोठत नाही’ म्हणून नातेवाईक घाबरतात, त्यांनी हे लक्षात ठेवावं. इथे के जीवनसत्त्वाचं इंजेक्शन उपयोगाचं नाही, कारण कमतरता त्याची नाहीच. वॉरफेरिन जास्त झालं असेल तर तेच इंजेक्शन उतारा ठरतं. रक्तस्राव दोन्हीकडे दिसतो, पण मोडलेली पायरी वेगळी.

याच फुरशाच्या विषात आणखी एक प्रथिन असतं, इकिस्टॅटिन. ते बिंबाणूंना एकमेकांना धरू देत नाही. त्याच्या रचनेचा अभ्यास करून टिरोफिबान हे इंजेक्शन तयार झालं. 1998 मध्ये अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. आज ते हार्ट अ‍ॅटॅकच्या निवडक रुग्णांना शिरेतून देतात, आणि थांबवल्यावर काही तासांत त्याचा परिणाम ओसरतो.

शेवटी सगळ्यात नेहमीची चूक, वेदनाशामक. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन या गोळ्या दुकानात सहज मिळतात. त्या बिंबाणूंना मंद करतात आणि जठराच्या अस्तरालाही इजा करतात. रक्त गोठू न देणाऱ्या गोळीसोबत घेतल्या तर पोटात रक्तस्राव होण्याचा धोका चांगलाच वाढतो. आयबुप्रोफेन अ‍ॅस्पिरिनच्या आधी घेतलं तर ते अ‍ॅस्पिरिनची जागाच अडवतं. पावसाळ्यातल्या तापात, तो डेंग्यू असू शकतो म्हणून, आणि फुरसं चावल्यावरही, या गोळ्या नकोत. दुखलं तर पॅरासिटामॉल, तेही ठरलेल्या प्रमाणात.

मग लक्षात काय ठेवायचं? गोळीचं नाव, ती कशासाठी आहे, आणि स्टेंट किंवा झडप कधी बसवली, हे एका चिठ्ठीवर मराठीत लिहून पाकिटात ठेवा. दाताचे डॉक्टर, औषधवाला, सगळ्यांना ती आधी दाखवा. दात काढायला बहुतेक वेळा गोळी बंद करावी लागत नाही. वॉरफेरिन असेल तर आधी आयएनआर बघतात. मोठ्या शस्त्रक्रियेआधी गोळी बंद करावी लागते, पण कधी बंद आणि कधी सुरू हे डॉक्टर तिच्या घड्याळावरून ठरवतात. शौचाला डांबरासारखं काळं झालं, लघवी लाल झाली, किंवा डोक्याला मार लागला, मग दुखत असो वा नसो, त्याच दिवशी दाखवा. तोंड वाकडं झालं, एक हात लुळा पडला, छातीत दुखलं, तर 108 ला फोन करा.

दोन प्रश्न आले आहेत. पहिला : लसूण खाल्ला तर चालतो का? फोडणीतला लसूण चालतो. लसणाच्या अर्काच्या कॅप्सूल घेत असाल तर डॉक्टरांना सांगा. दुसरा : काल गोळी विसरलो, आज दोन घेऊ का? नाही. आजची आज घ्या आणि चुकल्याची नोंद करून ठेवा. आयएनआर का हलला, याचं उत्तर कधी कधी त्या नोंदीतच सापडतं.

घरी गेल्यावर गोळ्यांचा डबा उघडा, आणि ती चिठ्ठी आजच लिहा.