आधी पाण्याला वाट

चंद्रपूर जिल्ह्यातली, वर्धेच्या खोऱ्यातली एक खुली कोळसा खाण. जुलैची सकाळ. रात्रभर कोसळणारा पाऊस नुकताच उघडला आहे. वरच्या कठड्याशी उभं राहिलं की सगळा छेद समोर दिसतो: वर काळी माती, खाली पिवळसर वाळूखडक आणि तळाशी कोळसा. एकेक बेंच, म्हणजे खाणीची पायरी, उतरत खाली जाणारा हॉल रोड मात्र रिकामा आहे. डंपर वर रांगेनं उभे आहेत. रोड तपासून झाल्याशिवाय एकही चाक हलणार नाही.

पहिला मान ग्रेडरचा. त्याचं तिरकं पातं कोळशाच्या भुकटीचा बुळबुळीत चिखल खरवडत नेतं आणि खालचा मुरूम उघडा पडतो. चाकोऱ्यांत साचलेलं पाणी बेंचच्या अंगाला असलेल्या चरात उतरतं, कारण रोड मुद्दाम त्या बाजूला किंचित कलता ठेवला आहे. चढही मनाला येईल तसा नाही. नियमानं तो सोळाला एक, त्याहून तीव्र फक्त रॅम्पवर. दरीच्या बाजूला मातीचा उंच बांध आहे. भरलेल्या शंभर टनी डंपरचं वजन दीडशे टनांच्या पुढे जातं. ओल्या उतारावर असं धूड घसरलं, तर त्याला अडवायला तेवढाच आधार.

एका वळणावर ओव्हरमन, म्हणजे पाळीवर देखरेख करणारे, थांबतात. वरून जागा कोरडी दिसते, पण बुटाची टाच दाबताच ती रुतते आणि कडेनं पाणी वर येतं. ते डोझरला हात करतात. तिथला ओला भाग पार उकरून काढायचा, चराचं तुंबलेलं तोंड मोकळं करायचं आणि मगच कोरडा मुरूम भरायचा. “पाण्याले वाट नाही देली, त रोड राह्यत नाही, भाऊ,” ते म्हणतात आणि पुढच्या वळणाकडे चालू लागतात.

तळाशी पाणी साठायचा खड्डा, म्हणजे संप, काठोकाठ भरला आहे. पंप अखंड घरघरतोय. शंभर हेक्टरांच्या खड्ड्यात ५० मिलिमीटर पाऊस पडला, तर ते पाणी होतं पाच कोटी लिटर. ते सगळं उपसून वर चढवायचं म्हणजे डिझेल, वीज आणि वेळ. म्हणूनच खाणीभोवती गारलँड ड्रेन खोदलेला आहे. बाहेरच्या शिवारातून वाहत येणारं पाणी तो खाणीत शिरूच देत नाही, वळवून पुढे काढून देतो. आत न आलेलं पाणी उपसावं लागत नाही.

मी ओबी डंपच्या, म्हणजे कोळशावरून काढलेल्या माती-दगडांच्या ढिगाच्या, पायथ्याशी जातो. उतारावर पावसानं ओघळी पाडल्या आहेत. त्यांतून आलेला गाळ दगडी बांधापाशी अडून बसला आहे. पुढे सेटलिंग टँक. पहिल्या कप्प्यात पाणी शाईसारखं काळं, तिसऱ्यात बरंच निवळलेलं. नाल्यात सोडायच्या पाण्यात तरंगता गाळ लिटरमागे १०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. ही मर्यादा कागदासाठी नाही. टँकच्या पलीकडे कपाशी उभी आहे. गाळानं नाला उथळ झाला, की पुढच्या मोठ्या पावसात पाणी सरळ त्या वावरात घुसणार.

मागे हॉर्न वाजतो. रोड मोकळा झाला आहे. रिकामे डंपर अंतर राखून सावकाश उतरू लागले आहेत. संध्याकाळी तक्त्यावर किती टन कोळसा निघाला ते लिहिलं जाईल. किती मीटर चर साफ झाला आणि टँकमधून किती गाळ निघाला, हेही त्याच तक्त्यावर रोज लिहिलं गेलं पाहिजे. चर, बांध आणि टँक यांची कामं मृगाच्या आधी पुरी करणं ही सवडीची गोष्ट नाही. उत्पादन, डंपरवाल्याचा जीव आणि शेजारचं शेत, तिन्ही त्याच कामावर उभी आहेत.