माळ्यावरच्या तबकड्या आणि आपली भाषा

दिवाळीची साफसफाई सुरू झाली की सीमाभागातल्या खेड्यांतून भंगारवाल्यांच्या हातगाड्या फिरू लागतात. गळकी घागर, मोडकी सायकल, वर्षाची रद्दी यांच्याबरोबर कधीकधी त्या गाडीवर काळ्या, जड, ताटाएवढ्या चकत्यांची चळतही दिसते. आमच्या पिढीला त्या काय आहेत हे सांगावे लागत नाही. त्या ग्रामोफोनच्या तबकड्या. बहुतेक वेळा त्या फुकटच दिल्या जातात. आजचा लेख या तबकड्यांविषयी आणि त्यांच्यापायी वेड्या झालेल्या माणसांविषयी आहे. हा विषय भाषेच्या पानावर कशाला, असे ज्यांना वाटेल त्यांनी लेख शेवटपर्यंत वाचावा, एवढीच विनंती.

आमच्या गावात असे एक गृहस्थ आहेत. सारा गाव त्यांना तात्या म्हणतो. वय ऐंशीच्या पुढे. तरुणपणी जत्रेत आणि लग्नात कर्णा लावण्याचा त्यांचा धंदा होता. कॅसेटी आल्या, धंदा गेला. तबकड्या मात्र राहिल्या. एवढेच नव्हे, तर वाढत गेल्या. बेळगाव, मिरज, कोल्हापूर, हुबळी, जिथे जुना बाजार असेल तिथे तात्या पिशवी घेऊन हजर. घरातल्यांनी डोक्याला हात लावला. पण तात्यांच्या हाती एखादी तबकडी आली की ते आधी तिचा कागद वाचतात, मग उजेडात तिरकी धरून कागदालगत कोरलेला बारीक आकडा पाहतात. त्या आकड्यावरून ध्वनिमुद्रण कोणते, हे त्यांना ओळखता येते. शाळेत मी वर्षानुवर्षे हजेरीपट तपासले, पण इतक्या निगुतीने नव्हे!

आपल्या देशात व्यापारी ध्वनिमुद्रण १९०२ साली कलकत्त्यात सुरू झाले. गौहर जान या गायिकेचे गाणे त्यावेळी मुद्रित झाले. तबकड्या तेव्हा जर्मनीत हॅनोव्हरला छापल्या जात. तिथल्या कामगारांना गायक कोण ते कळावे म्हणून गाणे संपताच कलावंत स्वतःचे नाव मोठ्याने सांगत असे. दहा इंची तबकडीची एक बाजू तीन मिनिटांची. तासभर रंगणारा राग गवयाने त्यात बसवायचा. काय गाळायचे आणि काय ठेवायचे याचा विवेक ज्याच्यापाशी होता, त्याची तबकडी आजही ऐकाविशी वाटते.

एका दुर्मिळ तबकडीचे मोल काय असू शकते, याचे उदाहरण आपल्या शेजारच्या गोव्यातलेच आहे. केरी गावच्या केसरबाई केरकर ध्वनिमुद्रणाच्या बाबतीत फार चोखंदळ होत्या. त्यांची मुद्रणे थोडीच. १९७७ साली अमेरिकेच्या नासा संस्थेने व्हॉयेजर ही दोन याने अवकाशात सोडली आणि प्रत्येकावर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एक तबकडी ठेवली. साऱ्या जगाच्या संगीतातून त्यासाठी २७ नमुने निवडले गेले. त्यांत केसरबाईंची भैरवी होती. पण ज्या रेकॉर्डवर ती होती, ती बाजारात मिळेनाशी झाली होती. खूप शोधाशोध झाल्यावर न्यूयॉर्कमधल्या एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात, धूळ खात पडलेल्या खोक्यात तिच्या तीन न उघडलेल्या प्रती सापडल्या. ते खोके आधीच कोणी भंगारात काढले असते तर? त्याच वर्षी सप्टेंबरात केसरबाई गेल्या. त्यांचा आवाज मात्र आज ताऱ्यांमधल्या पोकळीत प्रवास करतो आहे.

सगळ्यांचेच दैव असे बलवत्तर नसते. चित्रपटांचे पाहा. प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ हा १९३२ सालचा मराठी बोलपट आज पाहायला मिळतो. त्याच्या आदल्याच वर्षी आलेला देशातला पहिला बोलपट ‘आलम आरा’ मात्र कायमचा गेला. आणि कन्नडमधला पहिला बोलपट ‘सती सुलोचना’ १९३४ साली पडद्यावर आला, तो कुठे चित्रित झाला होता ठाऊक आहे? आपल्या कोल्हापुरात, छत्रपती सिनेटोनमध्ये! त्याचीही प्रत आज उपलब्ध नाही. त्या काळची फिल्म ज्वालाग्राही, म्हणून काही आगीत गेली. काही तिच्यावरची चांदी काढून घेण्यासाठी विकली गेली. पुण्याला राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली स्थापन झाले. पी. के. नायर यांच्यासारख्या ध्येयवेड्या माणसाने तिथे रिळामागून रीळ गोळा केले म्हणून पुष्कळ काही वाचले. पण तोवर पुष्कळ काही गेलेही होते.

आता आमच्या गावची हकिकत सांगतो, कारण ती सांगण्यासाठीच हा लेख लिहायला घेतला. २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन असतो. त्या दिवशी तात्यांच्या तबकड्यांचे प्रदर्शन भरवावे, असे समितीच्या बैठकीत ठरले. कल्पना माझीच. या भागातल्या घराघरांत १९५६ च्या आधीपासून मराठी गाणे ऐकले जात होते, याचा याहून बोलका पुरावा कोणता? आम्ही तिघे तात्यांकडे गेलो. पेटी उघडली आणि घोटाळा झाला. नाट्यगीते, अभंग, भावगीते होतीच. पण त्यांच्याच खांद्याला खांदा लावून कानडी वचने आणि कानडी नाटकांतली पदेही होती. बरोबरचा तरुण कार्यकर्ता म्हणाला, “गुरुजी, मराठी तेवढ्या वेगळ्या काढूया.” मीही मान डोलावली. खोटे कशाला सांगू?

तात्यांनी पेटीचे झाकण लावून घेतले. म्हणाले, “न्यायच्या तर सगळ्या न्या, मास्तर. निवडून मी देणार नाही. जत्रेत लावताना मी कधी निवडल्या नाहीत.”

त्या रात्री मला झोप लागली नाही. बेळगावजवळच्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेले, कानडी घरातले शिवपुत्र कोमकळीमठ लहानपणी थोरामोठ्यांच्या तबकड्या ऐकून हुबेहूब तसेच गात. पुढे सारा महाराष्ट्र त्यांना कुमार गंधर्व म्हणून डोक्यावर घेऊन नाचला. हुबळीच्या गंगुबाई हनगल यांनी तरुणपणी मराठी भावगीतांच्या तबकड्या दिल्या. त्या ऐकताना गाणारीची मायबोली कोणती, असे आमच्या आयाबायांनी कधी विचारले नाही. मग मी कोणता पुरावा मांडायला निघालो होतो? निम्मी पेटी लपवून मांडलेला पुरावा खरा कसा म्हणायचा? आपल्या मुलांना मराठीतून शिकता यावे, कागदपत्रे मराठीत मिळावीत, हा आपला हक्क आहे आणि तो मी शेवटपर्यंत मागणार. पण तो मागण्यासाठी शेजाऱ्याचे गाणे पेटीतून काढून ठेवण्याची गरज नाही, हे मला बी.एड.च्या पदवीने शिकवले नव्हते. कर्णेवाल्या तात्यांनी शिकवले.

प्रदर्शन सगळ्या तबकड्यांचे झाले. बैठकीत थोडी कुरबुर झाली, ती झाली. तात्यांनी चावी भरून ग्रामोफोन लावला, तेव्हा मागच्या रांगेतल्या एक आजी पुढच्या ओळी आधीच म्हणू लागल्या. सातवीतल्या एका मुलाने विचारले, “गाणं इतक्यात कसं संपलं?” तीन मिनिटांचा हिशेब त्याला समजावून सांगताना फार बरे वाटले.

तेव्हा वाचकहो, यंदा माळा झाडताना एवढे करा. तबकड्या एकावर एक रचू नका, उभ्या ठेवा. उन्हात आणि चुलीजवळ ठेवू नका. त्या लाखेच्या असतात, वाकतात. स्पिरिटने कधीही पुसू नका, लाख विरघळते. कोरड्या मऊ फडक्याने धूळ टिपा. गंजक्या सुईने वाजवून पाहण्याचा मोह टाळा. एका वहीत कंपनीचे नाव, क्रमांक, गायक, दोन्ही बाजूंची गाणी आणि भाषा लिहून काढा. मुंबईत १९९० साली रेकॉर्ड संग्राहकांची सोसायटी निघाली, ती अशाच वह्यांच्या जोरावर. आमच्या शाळेतल्या मुलांनी तात्यांच्या पेटीची वही पुरी केली आहे. दोनशे अकरा तबकड्या. भाषेचा रकाना मुलांनी स्वतःच आखला.

भंगारवाला दारात येईल तेव्हा त्याला घागर द्या, सायकल द्या. पेटी मात्र आधी उघडून पाहा.