नवा पाळक रुजू होतो तेव्हा

परंपरा : अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली अहमदनगरास आपले ठाणे वसविले, आणि तेथेच १८५४ साली हरिपंत खिस्ती व रामकृष्णपंत मोडक यांस पाळकपदाची दीक्षा मिळून या मिशनच्या मंडळ्यांचा सांभाळ मराठी माणसांच्या हाती येऊ लागला.

दीक्षा व नेमणूक : २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा चर्चसंस्थांच्या ऐक्यातून जन्मलेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियामध्ये उमेदवारास प्रथम डीकन (सेवक) व तदनंतर प्रेस्बिटर (पाळक) अशी द्विविध दीक्षा बिशप मस्तकावर हात ठेवून देतात.

कर्तव्ये : रविवारची उपासना व उपदेश, बाप्तिस्मा, प्रभुभोजन, विवाह व अंत्यविधी, शिवाय या सर्वांच्या नोंदींचे दप्तर.

गीतसंपदा : १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांची पदे ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहातून आजही गायिली जातात; नव्या पाळकास ती मुखोद्गत असणे हा मंडळीच्या अंतःकरणाशी जडणारा पहिला धागा होय.

आरंभीचे दिवस : उपदेशपीठावरील वक्तृत्वाने मंडळी प्रभावित होते खरी, परंतु जो घरोघर जाऊन वृद्धांच्या उशाशी बसतो, शोकाकुल कुटुंबाबरोबर मूकपणे प्रार्थना करतो, पूर्वीच्या पाळकाने लावलेली रोपे न उपटता त्यांस पाणी घालतो आणि बोलण्यापूर्वी ऐकून घेतो, त्यासच ती हळूहळू, पण कायमची, आपला मानू लागते.